किमोच्या पहिल्या डोसआधीच त्रासाची वही सुरू करा

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे शेवटचे दिवस, या गैरसमजापायी कितीतरी रुग्ण टाळता येण्यासारखा त्रास सोसत राहतात. वेदना, मळमळ, भीती, घरच्यांची ओढाताण यांवरचे हे उपचार किमोच्या जोडीनेच चालतात. फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगावर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निदानानंतर लगेच अशी मदत मिळालेल्या रुग्णांचं रोजचं जगणं सुधारलं आणि नैराश्यही कमी दिसलं. तेव्हा या टीमला कधी भेटायचं, हे किमोच्या पहिल्या फेरीआधीच (सायकलआधीच) विचारा.

त्याआधी एक वही करा. वेदना, थकवा, मळमळ, भूक, झोप, धाप, चिंता, उदासी या प्रत्येकाच्या त्रासाला ० ते १० गुण द्यायचे (० म्हणजे त्रास नाही, १० म्हणजे सर्वांत जास्त त्रास), रोज ठरलेल्या वेळी. गुण रुग्णानेच द्यावेत. घरचे अंदाजाने लिहितात आणि चुकतात. किमोआधीचे आकडे नसतील तर नंतर नेमकं काय बिघडलं ते डॉक्टरांना कळत नाही. आकडा ४ किंवा त्याहून वर गेला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवा. दातांची तपासणी आणि पुढे मूल हवं असल्यास त्याबद्दलचं बोलणंही आधीच उरका.

उलटीच्या गोळ्या लिहून दिलेल्या वेळेलाच घ्या, मळमळ सुरू होण्याची वाट पाहू नका. काही औषधांची मळमळ दुसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढते, आणि नेमक्या तेव्हाच 'आता बरं आहे' म्हणून गोळ्या बंद केलेल्या असतात. यातल्या काही गोळ्यांनी शौचाला कडक होते. मॉर्फिनसारखी वेदनाशामकं सुरू असतील तर रेचक पहिल्या दिवसापासून मागून घ्या.

सर्वांत जपायचं ते तापाला. रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी किमोनंतर बहुधा ७ ते १४ दिवसांच्या सुमारास तळाला जातात. थर्मामीटरवर ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट दिसलं की रात्र असली तरी हॉस्पिटलला फोन करा. आधी पॅरासिटामॉल देऊ नका: आकडा उतरतो, संसर्ग मात्र आत वाढत राहतो. अंगात कापरं भरलं किंवा रुग्ण गळून गेला, तर ताप नसला तरी लगेच निघा.

तोंड येऊ नये म्हणून मऊ ब्रश वापरा. लिटरभर पाण्यात छोटा चमचाभर मीठ आणि छोटा चमचाभर खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरा. अल्कोहोल असलेलं माउथवॉश नको, त्याने तोंड आणखी सोलवटतं.