दुसरा मॉनिटर घेताना

नोकरीचं पहिलं वर्ष मी 14 इंची लॅपटॉपवर काढलं. लॉगमधला, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदींमधला, एरर वाचायचा, ऑल्ट-टॅब मारून कोडमध्ये यायचं आणि तोवर ओळ 342 होती की 324 हेच विसरायचं. पुन्हा मागे. दिवसभर तेच.

मग एका शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठला आणि सेकंडहँड 24 इंची मॉनिटर घेतला. दुकानदाराने विचारलं, "केबल?" मी ऐटीत म्हटलं, "टाइप-सी आहे ना." घरी लावला तर पडदा काळाठिक्कर. पोर्ट दिसायला टाइप-सी असलं तरी चित्र बाहेर पाठवायला त्यात डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड लागतो, माझ्या लॅपटॉपमध्ये तो नव्हता. पुढच्या शनिवारी एचडीएमआय केबलसाठी परत वारी. तेव्हा आधी आपल्या लॅपटॉपची माहिती नीट वाचा. एम1 मॅकबुक एअर असेल तर बाहेरचा एकच मॉनिटर चालतो, हेही लक्षात असू द्या.

लालबागच्या आमच्या खोलीत टेबल म्हणजे आईच्या शिलाई मशीनची उरलेली बाजू. मॉनिटरचा स्टँड मावेना. मागे चार स्क्रूची भोकं होती, 100 बाय 100 मिलिमीटरची, म्हणजे व्हेसा माउंट, मॉनिटर आर्मवर अडकवायची ठरलेल्या मापाची सोय. टेबलाच्या कडेला आवळायचा क्लॅम्पवाला आर्म बसवला आणि पडदा उभा फिरवला. आडव्यात 50 ओळी दिसायच्या, उभ्यात 90 च्या आसपास. लॉग वाचायला याहून सुख नाही. आई म्हणाली, "एवढा टीव्ही आणलास तो वाकडा का लावलास?"

आधी दोन्ही पडदे मधोमध जोडले होते, तर जोडाची काळी पट्टी बरोब्बर नाकासमोर आणि आठवड्यात मान धरली. लिहायचा पडदा समोर हवा, वाचायचा बाजूला. खिडकी दुसऱ्या पडद्यावर ढकलायला विंडोजमध्ये विंडोज-शिफ्ट आणि बाण, माऊसला हातही लावू नका.

तिसरा मॉनिटर? मित्राचा महिनाभर वापरला. त्यावर फक्त चॅट उघडं राहिलं आणि काम मागे पडलं. परत दिला.

एक मात्र सांभाळा. नजर एका पडद्यावर असते आणि कर्सर भलत्याच. मी सर्व्हरचा पासवर्ड असा टाइप करून एंटर मारला होता, तो थेट टीमच्या ग्रुपवर. मॅनेजरने वर अंगठाही दाखवला. पासवर्ड बदलेपर्यंत माझा चहा गार झाला होता.