पुस्तकवाले आणि नुसते पाहणारे : मतं फाटणाऱ्या चित्रपटाचा खेळ आणि त्यावरची चर्चा कशी घ्यावी

वाचनालयाच्या सभागृहात चित्रपट संपतो, दिवे लागतात, कुणीतरी विचारतं ‘कसा वाटला?’, मागच्या रांगेतून ‘बरा होता’ येतं आणि मंडळी चपला शोधायला लागतात. दोन तासांची मेहनत तिथेच संपते. खरं तर सभागृहात चाळीस माणसं असली तर चाळीस वेगवेगळे चित्रपट पाहिले गेलेले असतात. ती मतं कशी पकडायची, हे इथे एका उदाहरणावरून दिलं आहे. उदाहरण आहे ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ या विनोदी विज्ञान कादंबरीवरचा 2005 सालचा चित्रपट, दिग्दर्शक गार्थ जेनिंग्ज. हाच निवडला, कारण याच्यावर प्रेक्षक सरळ दोन बाजूंना जातात आणि दोघांकडेही कारणं असतात.

आधी परवानगी. घरच्या ओटीटी खात्यावरून सभागृहात चित्रपट दाखवता येत नाही, ते खातं घरापुरतं असतं. डीव्हीडी विकत घेतली म्हणून सार्वजनिक खेळाचा हक्क मिळत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात शाळा-कॉलेजांना सवलत आहे, पण प्रेक्षक म्हणजे तिथले शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंध असलेलीच माणसं असतील तर. वाचनालयाचा खुला खेळ त्यात बसत नाही. वितरकाकडून लेखी परवानगी घ्या आणि ती हाती आल्याशिवाय फलक लावू नका.

दिवस, वेळ आणि अंधार

जून ते सप्टेंबर हा खेळ लावूच नका. पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजायला लागला की संवाद ऐकू येत नाहीत, आणि या चित्रपटाची सगळी गंमत बोलण्यात आहे. दिवाळीनंतर हवा चांगली, पण तेव्हा जत्रा सुरू होतात. मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याकडे ज्या रात्री दशावतार असेल त्या रात्री तुमच्याकडे कुणी येणार नाही, म्हणून आसपासच्या चार गावांच्या जत्रेच्या तारखा आधी विचारून घ्या. मे महिन्यात चाकरमानी आलेले असतात, गर्दी होते, पण लग्नंही असतात.

वेळ दुपारी साडेतीनची धरा. चित्रपट 109 मिनिटांचा आहे. मध्यंतर न घेता पावणेसहाच्या आत कागद भरून होतात आणि पाऊण तास चर्चेला मिळतो. रात्रीचा खेळ अंधाराच्या दृष्टीने सोपा, पण मग चर्चेच्या ऐन रंगात वाडीवरची माणसं शेवटच्या एसटीसाठी उठतात. उठतात ती बहुधा बायका आणि शाळकरी मुलं. उरलेल्या चार आवाजांना मग गावाचं मत समजलं जातं.

दुपारी दाखवायचं म्हणजे अंधार करावा लागतो. खिडक्यांना काळं कापड सगळे लावतात, छपरातली काचेची कौलं विसरतात. एक काचेचं कौल पडद्यावर थेट उजेड टाकतं आणि तो डाग दुपारभर सरकत राहतो. आदल्या दिवशी नेमक्या साडेतीनला आत उभं राहून बघा आणि त्या कौलांवर बाहेरून ताडपत्रीचा तुकडा बांधा. आतून पुठ्ठा चिकटवला तर खारट दमट हवेत चिकटपट्टी सुटते.

पडदा, आवाज, वीज

हा चित्रपट आडवा रुंद आहे, 2.35 ला 1. पडदा आठ फूट रुंद असेल तर चित्राची उंची जेमतेम तीन फूट पाच इंच भरते. नेहमीच्या 16:9 च्या चौकटीत वर आणि खाली साधारण साडेसहा-साडेसहा इंचांच्या काळ्या पट्ट्या येतात. इंग्रजी सबटायटल खालच्या पट्टीत सरकवून घ्या. प्रेक्षक खुर्च्यांवर असतील तर चित्राची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर ठेवा, सतरंजीवर असतील तर तीन फूट पुरे. यापेक्षा खाली ठेवलंत तर तिसऱ्या रांगेपासून मागे सबटायटल डोक्यांआड जातात, आणि सबटायटल गेलं की विनोद गेला.

चिऱ्याच्या, गिलावा केलेल्या भिंती आवाज परत फेकतात. मागच्या भिंतीवर दोरी बांधून जाड सतरंज्या किंवा गोधड्या टांगा. स्पीकर जमिनीवर नकोत, पाच फुटांवर, थोडे आत वळवून ठेवा आणि बास कमी करा. चाचणी गाण्यावर घेऊ नका, स्टीफन फ्रायच्या निवेदनावर घ्या. तो आवाज शेवटच्या रांगेत शब्दन् शब्द कळला तर बाकी सगळं कळेल.

विजेचा भरवसा नसतो. प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि स्पीकर मिळून चारशे वॉटच्या आसपास ओढतात. 900 व्हीएचा इन्व्हर्टर आणि पूर्ण चार्ज केलेली 150 एएचची बॅटरी खेळ पार पाडते, बॅटरी जुनी नसेल तर. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर बदलाच्या क्षणी प्रोजेक्टर बंद पडतो. दिव्याचा प्रोजेक्टर बंद पडलाच तर लगेच बटण दाबू नका. तापलेला दिवा थंड होईपर्यंत तो पेटत नाही, आणि घाई केली तर दिव्याचं आयुष्य कमी होतं.

तीन रंगांचे कागद

आता मुख्य काम. खेळाच्या तीन आठवडे आधी कादंबरीच्या दोन-तीन प्रती फिरत्या ठेवा. पुस्तक लहान आहे, 35 छोटी प्रकरणं. चाळीस प्रेक्षकांत दहा जणांनी ते वाचलेलं असावं, त्याहून कमी असतील तर तुलना उभी राहत नाही. इंग्रजी वाचायचा कंटाळा असणाऱ्यांसाठी एक संध्याकाळ ठेवा आणि पहिली तीन प्रकरणं मराठीत सांगत, मधले निवडक उतारे मोठ्याने वाचत पुरी करा. तीनच पुरेत. आर्थर डेंटचं घर बायपाससाठी पाडायला बुलडोझर येतो इथपासून, वोगॉन नावाचे परग्रहवासी अंतराळातल्या हायवेसाठी अख्खी पृथ्वीच पाडतात इथपर्यंतचा भाग त्यांत येतो.

हा भाग आपल्याकडे वेगळा लागतो, हे चर्चा चालवणाऱ्या सूत्रधाराने लक्षात ठेवावं. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात ज्यांची पडवी, आंब्याची कलमं किंवा दुकान गेलं, ती माणसं समोर बसलेली असतात. कादंबरीत घर पाडायचा आराखडा ‘जाहीर’ लावलेला असतो तो तळघरात, दिवे नसलेल्या जागी, बंद पडलेल्या संडासात ठेवलेल्या कुलूपबंद कपाटाच्या तळाशी. यावर कुणी हसेल, कुणी गप्प बसेल. गप्प बसलेल्याला ‘विनोद कळला नाही’ असं समजू नका.

खेळाच्या दिवशी दारातच कागद द्या. पांढरा : काहीच न वाचलेल्यांना. पिवळा : पुस्तक पूर्ण वाचलेल्यांना. हिरवा : तीन प्रकरणं ऐकलेल्यांना. ए-फोर कागदाचे चार तुकडे केले की दहा कागदांत चाळीस जणांची सोय होते. नाव लिहायला लावू नका. प्रश्न चारच :

1. हसू कुठे आलं? एक प्रसंग लिहा.
2. कुठे धागा सुटला?
3. काय नको होतं, किंवा काय हवं होतं?
4. आता पुस्तक वाचावंसं, किंवा पुन्हा वाचावंसं, वाटतं का?

पाचपैकी किती गुण, हा प्रश्न मुद्दाम घातलेला नाही. वीस जणांनी पाच दिले आणि वीस जणांनी एक दिला तर सरासरी तीन येते. चाळीसही जणांनी कंटाळून तीन दिले तरी तीनच येते. या दोन संध्याकाळी एकसारख्या नव्हत्या, पण नोंदवहीत त्या सारख्या दिसतात.

कागद भरायला चित्रपट संपल्यावर सहा-सात मिनिटं द्या, जागेवर बसूनच, आणि चहा त्यानंतर आणा. हा क्रम मोडलात तर पुढचं सगळं वाया जातं. चहाचा कप हातात आला की माणसं बोलायला लागतात. गावात ज्यांच्या शब्दाला मान आहे असे मास्तर किंवा भाऊ काहीतरी म्हणतात, आणि त्यानंतर भरलेल्या कागदांवर त्यांचंच मत वेगवेगळ्या अक्षरांत येतं.

वाचलेल्यांना आणि न वाचलेल्यांना वेगळं बसवण्याचा मोह टाळा. हसू शेजाऱ्याकडून लागतं, गट तोडले की ते तुटतं. पिवळा कागद घेतलेल्यांना मात्र दारातच बजावून सांगा, पुढचा विनोद शेजाऱ्याच्या कानात आधी सांगायचा नाही. दोन मुलांना, एकाला पुढे आणि एकाला मागे, पाच-पाच मिनिटांचे 22 चौकोन आखलेला कागद द्या. सभागृह हसलं तर दोन रेघा, काहीजण हसले तर एक, कुणीच नाही तर शून्य. माणसं कागदावर लिहितात आणि प्रत्यक्षात हसलेली असतात, यात किती फरक असतो ते यावरून कळतं.

चर्चा : आधी पांढरे

न वाचलेल्यांना आधी बोलू द्या. ‘पुस्तकात असं नाहीये’ हे वाक्य एकदा पडलं की पांढऱ्या कागदाचा माणूस पुन्हा तोंड उघडत नाही, आपण काहीतरी अपुरं पाहिलं असं त्याला वाटतं. पहिली वीस मिनिटं त्यांची. दुसरा नियम, प्रत्येकाने बोलणं एखाद्या प्रसंगापासून सुरू करायचं. ‘मला आवडला नाही’ पाशी थांबलेल्याला ‘कुठला प्रसंग चालू असताना?’ एवढंच विचारा.

मतं कुठे फाटतील याचा अंदाज आधी असलेला बरा.

सगळ्यात खोल भेग निवेदनाची. कादंबरीतला विनोद घटनेत कमी आणि सांगणाऱ्याच्या वाक्यात जास्त आहे. वाक्य सरळ चालत येतं आणि शेवटच्या दोन शब्दांत पाय ओढतं. पडद्यावर ती वाक्यं छाटली की घटना तेवढी उरते. बुलडोझरसमोरचा आर्थर आणि घर पाडायला आलेला अधिकारी प्रॉसर यांचा संवाद चित्रपटात बराच कापला आहे, आणि वाचलेल्यांची पहिली तक्रार बहुधा हीच येते. तक्रार आली की तो उतारा तिथल्या तिथे वाचून दाखवा. मग अंतू बर्व्याची आठवण काढा. अंतूचा तिरकसपणा त्याच्या स्वतःच्या तोंडच्या बोलण्यात आहे, म्हणून मंचावर अंतू उभा राहिला की तो सोबत येतो. पण ज्या लेखनात तिरकसपणा निवेदकाचा असतो, तिथे पडद्यावर त्याला तोंडच नसतं. चित्रपटाने ते तोंड स्टीफन फ्रायच्या आवाजाला आणि साध्या रेखाचित्रांच्या अ‍ॅनिमेशनला दिलं. ते पुरलं का, यावर दहा मिनिटं सहज जातात आणि जाऊ द्यावीत.

दुसरी भेग आर्थर आणि ट्रिलियन या तरुणीच्या प्रेमाची. पुस्तकात दोघांची जुनी भेट येते, पण कथा तिच्यावर टांगलेली नाही. चित्रपटात ती दोरीच झाली आहे. पिवळ्या कागदांवर याला ‘घुसडलं’ म्हणतात आणि पांढऱ्या कागदांवर ‘तेवढंच धरायला होतं’. माझ्या मते इथे दोघंही बरोबर आहेत. वाचणाऱ्याला धरायला वाक्यं असतात, पाहणाऱ्याला माणसं लागतात.

तिसरी भेग सूत्रधाराने जपून हाताळायची. हुमा कवूला हे पात्र, आणि समोरच्याला आपल्या नजरेने बघायला लावणारी ती बंदूक, दोन्ही पुस्तकात नाहीत. पिवळे कागद म्हणतात, हॉलिवुडने जोडलं. खरी गोष्ट अशी की ही भर खुद्द लेखक डग्लस अ‍ॅडम्स यांची आहे. पटकथेवर ते अनेक वर्षं काम करत होते, मे 2001 मध्ये वारले, आणि पुढे कॅरी कर्कपॅट्रिक यांनी पटकथा पुरी केली. ही माहिती कागद गोळा होईपर्यंत फलकावर, निमंत्रणात किंवा प्रास्ताविकात कुठेही येऊ देऊ नका. लेखकाचं नाव कळलं की माणसं नावडलेलं लगेच आवडून घेतात. चर्चेच्या मध्यावर सांगा आणि विचारा, आता तक्रार बदलते का? काहींची बदलत नाही, आणि लेखकाचं नाव ऐकूनही आपल्या मतावर राहणं हे चांगल्या वाचकाचं लक्षण आहे.

झेफॉड या दोन डोक्यांच्या पात्राच्या दुसऱ्या डोक्यावर फार वेळ घालवू नका. चित्रपटात ते हनुवटीखालून वर येतं, कुणाला पटतं, कुणाला नाही. मार्विन या उदास यंत्रमानवावर दोन्ही गट बहुतेक एकत्र येतात. त्याचा आवाज अ‍ॅलन रिकमन यांचा आणि त्या पांढऱ्या गोल कवचात वॉरविक डेव्हिस. ग्रह बनवण्याच्या कारखान्याचा प्रसंग मात्र सोडू नका. तिथे पडदा कागदाच्या पुढे जातो, आणि हे वाचलेल्यांच्या तोंडून यायला हवं.

‘मुळाशी प्रामाणिक नाही’ असा आरोप आलाच, तर मूळ कोणतं ते विचारा. ही कथा मार्च 1978 मध्ये बीबीसी रेडिओवर श्रुतिका म्हणून आली, 1979 मध्ये कादंबरी झाली, 1981 मध्ये टीव्ही मालिका, आणि प्रत्येक वेळी तिच्यात बदल झाले. दशावतार पाहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आख्यान तेच, संवाद लिहिलेले नाहीत, मंडळ बदललं की राजाचं बोलणं बदलतं, आणि तोच प्रेक्षक दुसऱ्या जत्रेला जाऊन तेच आख्यान पुन्हा पाहतो. त्याला ‘कालच्या राजाने हे वाक्य म्हटलं नाही’ असा राग येत नाही, ‘आजचा राजा कमी पडला’ असा येतो. हाच प्रश्न चित्रपटाला लावा : काय बदललं हे बाजूला ठेवून, बदललेलं उभं राहिलं का?

नोंद

त्याच रात्री कागद रंगांनुसार वेगळे करा. प्रत्येक रंगाच्या गठ्ठ्यात कोणता प्रसंग किती वेळा आला ते मोजा आणि हसण्याच्या चौकोनांशेजारी लिहा. हिरवा गठ्ठा शेवटी आणि सावकाश वाचा. थोडंसं ऐकून आलेली ही माणसं कुठे पिवळ्यांसारखी बोलतात आणि कुठे पांढऱ्यांसारखी, यावरून पुढच्या खेळाआधी किती वाचन ठेवायचं ते ठरतं. एक पानी नोंद वाचनालयाच्या फलकावर महिनाभर ठेवा. तिच्यात दोन विरुद्ध मतं एकाच प्रसंगावरची, शेजारी शेजारी, जशी लिहिली तशीच उतरवा. चौथ्या प्रश्नाला ‘हो’ किती आले ते ग्रंथपालांना लगेच सांगा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी त्या प्रती टेबलावर काढून ठेवलेल्या असतील.