पेटीवरून पियानोवर येताना

परभणीत माझ्याकडे पियानो शिकायला येणारी बहुतेक मुले आधी पेटी वाजवून आलेली असतात. कुणी हरिपाठाला साथ केलेली असते, कुणी गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका ही संगीत परीक्षा दिलेली असते. त्यांचा उजवा हात तयार असतो, तालही पक्का असतो, मात्र डाव्या हाताने आजवर केवळ भाता मारलेला असतो. सोप्या कामाला आपण 'डाव्या हातचा मळ' म्हणतो, पण आमच्या वर्गात हा वाक्प्रचार पहिल्याच आठवड्यात खोटा पडतो.

सुरुवातीला मी हे ओळखले नाही आणि सरळ दोन्ही हातांचे धडे दिले. एका मुलीचा डावा हात तर सवयीने पट्ट्या सोडून हवेत मागेपुढे होऊ लागला. ती स्वतःच हसली आणि चूक माझ्या लक्षात आली. तेव्हापासून मी डाव्या करंगळीला षड्ज व अंगठ्याला पंचम देऊन ते तंबोऱ्यासारखे धरायला लावतो आणि उजव्या हाताने 'सारेग, रेगम' हा अलंकार वाजवून घेतो. पंधरा दिवसांनी तोच षड्ज-पंचम भजनी ठेक्याच्या आठ मात्रांवर आलटून-पालटून येतो, आणि त्यानंतर हातांची अदलाबदल होते. हे जमल्यावर हंगेरियन संगीतकार बार्टोकच्या 'मिक्रोकोस्मोस' या पियानो-धड्यांच्या संग्रहाचा पहिला भाग घ्यावा, कारण त्यातील आरंभीच्या रचनांमध्ये दोन्ही हात एकच चाल सप्तकाच्या अंतराने वाजवतात.

दुसरी अडचण 'सा'ची. पेटीवर काळी एक किंवा पांढरी चार, जिथे गळा बसेल तिथे सा धरता येतो. स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत, मात्र प्रत्येक पट्टीचे नाव कायम असते. म्हणून कीबोर्डवरचे, सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवणारे ट्रान्सपोजचे बटण निदान पहिले वर्षभर वापरू देऊ नये. काळी एकची सवय असलेल्या मुलांना काळ्या पट्ट्यांची भीती नसते, हा त्यांचा मोठा फायदा. पियानोचा संगीतकार शोपँसुद्धा विद्यार्थ्यांना आधी काळ्या पट्ट्या जास्त असलेली बी मेजर ही स्वरमालिका देत असे, कारण लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर आपसूक बसतात.

स्वरलिपीसाठी खर्च करण्याची गरज नाही. स्वामित्वहक्क संपलेल्या रचना आयएमएसएलपी या संकेतस्थळावर मोफत मिळतात. जर्मन संगीतकार शूमानचा १८४८ सालचा मुलांसाठीचा संग्रह तेथूनच घ्यावा. म्यूझस्कोर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मी गावातल्या भजनांच्या चाली लिहून त्यांना डाव्या हाताची साथ जोडतो, आणि मुले घरी सर्वाधिक सराव याच पानांचा करतात. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पियानो परीक्षा जरूर द्याव्यात, परंतु दहावीच्या वर्षात नव्हे.

वाद्य घेताना घाई नको. एका दुकानदाराने मला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड 'पियानोसारखाच' म्हणून दिला होता. हळू दाबा वा जोरात, आवाज सारखाच. स्पर्शाप्रमाणे आवाज बदलतो ना, हे दुकानातच वाजवून पाहावे. जमल्यास जड पट्ट्यांचा ८८ पट्टी डिजिटल पियानो घ्यावा, कारण खऱ्या पियानोचा सूर लावणारा माणूस आमच्याकडे बाहेरगावाहून बोलवावा लागतो.

वीज गेली की डिजिटल पियानो मुका होतो, म्हणून पुठ्ठ्यावर ५२ पांढऱ्या व ३६ काळ्या पट्ट्या मापाप्रमाणे काढून ठेवल्या आहेत. अंधारात मुले त्यावर बोटे चालवतात आणि तोंडाने स्वर म्हणतात. डावा हात अडला की स्वरही अडतो, त्यामुळे चूक नेमकी कुठे झाली ते लगेच कळते.