प्लेऑफचा संघ निवडताना बॅट किती, ग्लव्ह किती

मेजर लीग बेसबॉलच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये, प्रत्येक फेरीसाठी संघाला २६ खेळाडूंची यादी द्यावी लागते आणि त्यांत जास्तीत जास्त १३ पिचर (चेंडू टाकणारे) घेता येतात. तेवढे पिचर घेतले, तर डेझिग्नेटेड हिटर (पिचरच्या ऐवजी फक्त फलंदाजी करणारा) धरून नऊ फलंदाज वजा जाता बाकावर चारच जागा उरतात. पहिले नऊ जण हंगामभराच्या खेळावरून बहुधा ठरलेले असतात आणि त्यांच्या निवडीत फलंदाजीला झुकते माप देण्यात काही गैर नाही. क्षेत्ररक्षणाशी तोल साधायचा तो मुख्यतः या चार जागांवर.

कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा), शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) आणि सेंटर फील्ड (मैदानाचा मधला दूरचा भाग) या तीन जागांवर मात्र बॅटसाठी कच्चा क्षेत्ररक्षक खपवून घेऊ नये. इतर ठिकाणी किती सूट द्यायची, हे आपले पिचर पाहून ठरवावे. ज्याच्या चेंडूवर फलंदाज वारंवार जमिनीलगत फटके मारतात, असा पिचर सुरुवात करणार असेल, तर इनफिल्डमधला, म्हणजे बेसजवळच्या भागातला, मंद पाय महागात पडतो; उंच फटके देणाऱ्या पिचरमागे आउटफिल्डर (दूरच्या भागातले क्षेत्ररक्षक) चपळ हवेत; आणि बहुतेकांना स्ट्राइकआउट करणाऱ्या, म्हणजे चेंडू खेळात जाऊ न देता बाद करणाऱ्या, पिचरमागे लेफ्ट फील्डला एखादा जड फलंदाज उभा केला, तरी सहसा निभावून जाते.

बाकावरची एक जागा दुसऱ्या कॅचरकडे जाते, त्यात पर्याय नाही. तोच डेझिग्नेटेड हिटर म्हणून खेळणार असेल, तर तिसऱ्या कॅचरचाही विचार करावा. कारण डेझिग्नेटेड हिटर क्षेत्ररक्षणाला उतरला की ती सोय त्या सामन्यापुरती संपते आणि पिचरची जागा फलंदाजीच्या क्रमात येते. उरलेल्या जागा ‘थोडे सगळे येते’ अशा खेळाडूंनी भरण्यापेक्षा एकेक काम चोख करणाऱ्यांना द्याव्यात, असे माझे मत आहे. २००४ मध्ये यांकीजविरुद्धच्या मालिकेतील चौथ्या सामन्यात रेड सॉक्स एका धावेने मागे असताना नवव्या, म्हणजे शेवटच्या नियमित, इनिंगमध्ये डेव्ह रॉबर्ट्स केवळ धावण्यासाठी आला, त्याने दुसरा बेस चोरला (फटक्याविना धावत गाठला) आणि बिल म्युलरच्या फटक्यावर बरोबरीची धाव काढली.

हाच रॉबर्ट्स २०२५ मध्ये डॉजर्सचा मॅनेजर होता. टोरांटोतील वर्ल्ड सिरीजच्या (अंतिम मालिकेच्या) सातव्या सामन्यात, बॅट थंडावल्याने वगळलेल्या अँडी पाहेसला त्याने नवव्या इनिंगच्या उत्तरार्धात बरोबरीच्या स्थितीत सेंटर फील्डला उतरवले. थोड्याच वेळात दोन बाद आणि तिन्ही बेस भरलेले असताना एर्नी क्लेमेंटचा खोल गेलेला फटका पाहेसने सहकाऱ्याला धडकूनही झेलला. त्याच सामन्यात मुख्यतः ग्लव्हसाठी ओळखल्या जाणाऱ्या मिगेल रोहासने आधी होमरन मारून बरोबरी साधली होती. पण अशा लाभाच्या भरवशावर यादी करू नये.

मोठ्या फलंदाजाच्या जागी चांगला क्षेत्ररक्षक कधी आणायचा, हेही आधीच ठरवून ठेवावे. बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. म्हणून सातव्या इनिंगमध्ये मोठा फलंदाज काढला आणि सामना बरोबरीत गेला, तर जादा इनिंगमध्ये त्याची पाळी आल्यावर हात चोळत बसावे लागते. उलट १९८६ च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात दहाव्या इनिंगमध्ये रेड सॉक्स दोन धावांनी पुढे होते आणि पहिल्या बेससाठी डेव्ह स्टेपलटन बाकावर होता, तरी पायांनी जेरीस आलेला बिल बकनरच मैदानात राहिला. बरोबरी झाल्यावर विजयी धाव त्याच्याच पायांमधून गेलेल्या चेंडूवर निघाली. आघाडी असेल, प्रतिस्पर्ध्यांचे उरलेले बाद सहा किंवा त्याहून कमी असतील आणि त्या फलंदाजाची पाळी लगेच येणार नसेल, तर बदल करावा, एवढा साधा नियम पुरेसा आहे.

तीन सामन्यांच्या पहिल्या फेरीत सगळे स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर) लागत नाहीत, तेव्हा एखादा पिचर कमी करून धावपटू घ्यावा आणि सात सामन्यांच्या मालिकेत ती जागा पुन्हा पिचरला द्यावी. फेरी संपली की यादी बदलता येते. मालिकेच्या मध्ये मात्र मुख्यतः दुखापतीमुळे बदल होतो आणि दुखापतीमुळे काढलेला खेळाडू पुढच्या फेरीलाही मुकतो, म्हणून अर्धवट बरा झालेला फलंदाज यादीत घेताना हा हिशेब आधी करावा.