वेलवर्गीय भाज्यांवरील तांबडे भुंगेरे

काकडी, दोडका, दुधी किंवा लाल भोपळ्याचे रोप दोन-चार पानांचे असताना पानांना गोल भोके दिसू लागली, तर बहुधा ते काम तांबड्या भुंगेऱ्यांचे असते. हा भुंगेरा सुमारे ६ ते ८ मिलिमीटर लांब, लांबट, चकचकीत नारिंगी-तांबडा असून पाठीवर ठिपके नसतात. मावा (रस शोषणारी बारीक कीड) खाणारे ठिपकेदार, घुमटाकार ढालकिडे आपले मित्र असल्याने फरक पाहूनच हात घालावा. कारल्याकडे तांबडा भुंगेरा सहसा फिरकत नाही.

पाने कुरतडणारे प्रौढ चटकन नजरेस पडतात, परंतु मादी वेलाच्या बुंध्याजवळच्या ओल्या मातीत अंडी घालते आणि त्यांतून निघालेल्या पांढुरक्या अळ्या मुळे व जमिनीला टेकलेली फळे पोखरतात, म्हणून पुरेसे पाणी देऊनही वेल माना टाकू लागला तर बुंध्याची माती उकरून पाहावी.

भल्या सकाळी हे भुंगेरे सुस्त असतात. तेव्हा ते वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. परसबागेत याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. कोवळ्या रोपांवर बारीक जाळी अंथरावी, मात्र फुले येताच ती काढावी, अन्यथा मधमाश्या पोहोचत नाहीत. निंबोळीचे ५० ग्रॅम कुटलेले दाणे १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेला अर्क संध्याकाळी फवारावा. हंगाम संपल्यावर वेल उपटून माती खोल खणावी, म्हणजे उरलेल्या अळ्या व कोष उन्हाने आणि पक्ष्यांमुळे नष्ट होतात.