वालाच्या बियांपासून हर्रासापर्यंत: दवाखान्यासाठी अदलाबदलीतून पैसा कसा उभा करायचा

जून महिन्यात विदर्भातल्या गावात दवाखान्याच्या मदतीसाठी वर्गणी मागत फिरलात, तर चहा मिळेल, पैसे मिळणार नाहीत. बियाणं, खत, पेरणीची मजुरी यांत घरातला शेवटचा रुपया गेलेला असतो. पण त्याच घरात माळ्यावर शिलाई मशीन गंजत असते, घरकुल बांधल्यावर उरलेलं सागवानी दार भिंतीला टेकून असतं, नातू मोठा झाल्यामुळे लाकडी नंदी कोपऱ्यात पडलेला असतो. म्हणून पावसाळ्यात वस्तू फिरवायच्या आणि कापसाचा पैसा गावात आला की त्यांचा हर्रास, म्हणजे लिलाव, करायचा.

या पद्धतीचं जगभर गाजलेलं उदाहरण कॅनडाच्या काइल मॅकडोनाल्डचं. २००५ साली त्याने एक लाल पेपरक्लिप घेऊन अदलाबदल सुरू केली आणि १४ सौद्यांनंतर २००६ मध्ये किपलिंग नावाच्या लहान गावात त्याला घर मिळालं. वाटेत त्याने चांगली वस्तू देऊन काचेचा एक शोभेचा बर्फगोळा घेतला तेव्हा लोक हसले. पण असे गोळे जमवणारा एक नट त्याने हेरून ठेवला होता. त्या नटाने गोळ्याच्या बदल्यात चित्रपटातली भूमिका दिली आणि भूमिकेच्या बदल्यात घर आलं. आपल्याला घेण्यासारखं एवढंच: वस्तू हातात घेण्याआधी ती पुढे नेमकी कोणाला हवी आहे ते माहीत असलं पाहिजे. ते नाव सुचत नसेल तर सौदा सोडून द्या.

आधी कागद

संस्था ठरल्याशिवाय एकही वस्तू हलवू नका. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, गडचिरोलीचं शोधग्राम, हेमलकसाचा लोकबिरादरी प्रकल्प, वरोऱ्याचं आनंदवन ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. तालुक्यातली एखादी लहान नोंदणीकृत संस्थाही चालेल. संस्थेच्या कार्यालयात जाऊन तीन गोष्टी विचारा: सध्या पैसा कशाला कमी पडतो, तुमच्या गटाला अधिकारपत्र देतील का, आणि रक्कम थेट त्यांच्या खात्यात भरता येईल का. ‘काय हवं’ हे आपल्या मनाने ठरवू नये. गावाने हौसेने एखादं यंत्र घेऊन द्यायचं आणि तिथे ते दुरुस्त करायला माणूस नसायचा, असं नको. पुष्कळदा खरी नड साधी असते. सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) मुलाला दर काही आठवड्यांनी तपासणीला आणायचं बसभाडं, सोबत आलेल्या आईचं दोन दिवसांचं जेवण.

धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसा गोळा करायचा, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं घेतात तीच. संस्थेचं अधिकारपत्र, गटातल्या लोकांची ओळखपत्रं आणि जमाखर्च कसा देणार ते, एवढी तयारी ठेवून जा.

पेशंटचं नाव, फोटो, गाव फलकावर किंवा व्हॉट्सॲपवर टाकू नका. सिकलसेलचं नाव चिकटलं की मुलीची सोयरीक मोडते, हे इथे कोणाला सांगायला नको.

पहिली वस्तू: बिया

सुरुवातीची वस्तू फुकटची, पण त्या आठवड्यात प्रत्येक बाईला हवी असलेली असावी. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात गावरान वाल, चवळी, दोडक्याच्या बियांना तोड नाही. मागच्या वर्षीच्या वाळलेल्या शेंगा ज्यांच्या घरी टांगलेल्या असतात त्यांच्याकडून बिया मागून घ्या. आधी १० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून चार-पाच दिवस ठेवा. ७ पेक्षा कमी उगवल्या तर त्या बिया भाजीला. उगवणाऱ्यांच्या ३० पुड्या करा, पुडीत १५ बिया, वर वाणाचं नाव.

एका पुडीच्या बदल्यात खताची दोन रिकामी पोती. पहिली खताची पाळी झाली की ही पोती घरोघरी उधळलेली असतात आणि कोणी त्यांचा हिशेब ठेवत नाही. ३० घरांतून ६० पोती जमतात.

पोत्यांचं पाल

या पोत्यांचं पाल, म्हणजे पावसात झाकायचं मोठं आच्छादन, शिवायचं. इथे थोडी मेहनत आहे आणि खरा भाव इथेच वाढतो. पोती आधी धुवायची, पण हापशीजवळ किंवा गोठ्याजवळ नाही. युरियाचं पाणी जनावर प्यालं तर विषबाधा होऊन दगावतं. गावाबाहेर, बांधाच्या कडेला धुवा आणि ते पाणी जमिनीत मुरू द्या.

पोत्याची तळाची शिवण उसवा, एक बाजू उभी कापा, म्हणजे सुमारे ३६ इंच बाय ४४ इंचाचा सपाट तुकडा मिळतो. कंपनीगणिक माप थोडं बदलतं, म्हणून एकसारखी पोती वेगळी काढा. कापलेल्या कडेचे धागे लगेच सुटू लागतात. चारही बाजू एकेक इंच दुमडून मगच जोडायचं, दाभणाने आणि नायलॉनच्या दोऱ्याने, दुहेरी शिलाई. दुमड न घालता नुसती कडेला कड जोडली तर पहिल्याच वाऱ्यात पाल फाटतं. दुमड जाऊन तुकडा ३४ बाय ४२ इंचांचा उरतो. आडवे ४ आणि उभे ६ असे २४ तुकडे जोडले की १४ फूट बाय १७ फुटांचं पाल तयार. ६० पोत्यांत दोन पालं होतात, १२ पोती ठिगळांना उरतात. चार कोपऱ्यांना आणि मध्ये प्रत्येक बाजूला दोरीची कडी बसवा.

देताना खरं सांगा: हे ताडपत्री नव्हे. शिवणीतून थोडं पाणी झिरपतं, आणि उन्हात सतत पडून राहिलं तर एका-दोन हंगामात कडकडीत होऊन तुटतं. खाण्याचं धान्य त्याच्यावर वाळवू नये.

एक पाल ऑगस्टमध्ये द्या, झडीने गोठ्याची कुडाची भिंत भिजते त्या घरी. दुसरं दाबून ठेवा. ऑक्टोबरमध्ये कापलेल्या सोयाबीनची गंजी शेतात असते आणि आभाळ भरून येतं, त्या दिवशी या पालाचा भाव दुप्पट असतो. मात्र नडलेल्या माणसाला पिळू नका. गाव लहान आहे, पुढचे दहा सौदे त्याच गल्लीतून व्हायचे असतात.

नंदी आणि तान्हा पोळा

ऑगस्टच्या पालाच्या बदल्यात जुना लाकडी नंदी मागा. चाक मोडलेलं, शिंग तुटलेलं चालतं. अंगावर बारीक छिद्रं असून खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर मात्र घेऊ नका, आत भुंगा आहे. सुताराकडून आस आणि चाकं नवी करून घ्या. त्याच्या मजुरीचा मोबदलाही वस्तूतच ठरवता येतो. रंगाचे दोन हात लागतात आणि दमट हवेत एकेक हात वाळायला दोन दिवस जातात. तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी नंदींचा पोळा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. नंदी त्याच्या आठ दिवस आधी तयार हवा, आदल्या दिवशी नाही. ओल्या रंगाला पोरांची बोटं चिकटली की सगळी मेहनत वाया.

आता हा नंदी ज्याला पहिला नातू झालाय अशा आजोबांकडे न्या. सरळ बोला: “काकाजी, माळ्यावरची मशीन कामात येते का जी? नसल येत तं नातवासाठी हा नंदी घ्या, मशीन दवाखान्याच्या कामाले द्या.” आग्रह एकदाच करायचा. घरातल्या बाईला विचारल्याशिवाय मशीन उचलू नका. पुष्कळ मशिनी सासरी येताना आणलेल्या असतात आणि संध्याकाळी परत मागायला माणूस येतो.

पडून राहिलेल्या मशीनचा रोग बहुतेक एकच: जुनं तेल चिकट होऊन गोठलेलं. तेलाच्या भोकांत रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडा, सुई-दोरा न लावता दहा मिनिटं रिकामी चालवा, रात्रभर ठेवा. सकाळी पुसून मशीनचं तेल घाला. चामडी पट्टा सैल असेल तर कापून लहान करा, तडकला असेल तर नवा टाका. बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची डबी) जागेवर आहे ना हे घेतानाच पाहा, ती हमखास हरवलेली असते. शेवटी सुती कापडाच्या दोन पदरांवर फूटभर शिलाई मारा. खालच्या बाजूला दोऱ्याची वेटोळी आली तर वरचा दोरा चुकीचा ओवलाय किंवा त्याचा ताण सैल आहे.

वस्तूच्या बदल्यात श्रम

मशीन कोणाला हवी असते? ब्लाउज-फॉल शिवून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या बाईला, आणि तिच्या घरी देण्यासारखी वस्तू नसते. मग तिच्याकडून वाकळी (गोधड्या) घ्या. जुनी लुगडी, साड्या घरोघरून तुम्ही गोळा करून धुऊन द्यायच्या, दोरा तुमचा, टाके तिचे. वाकळ हातानेच शिवायची. एवढ्या पदरांवर घरच्या मशीनची सुई मोडते, आणि शहरातलं गिऱ्हाईक पैसे देतं ते हाताच्या टाक्यांचेच.

किती वाकळी, हे मजुरीवरून ठरवा. जुन्या मशीनची चालू किंमत दोन माणसांना विचारून काढा, तिला गावातल्या रोजाने (दिवसाच्या मजुरीने) भागा. एका वाकळीला किती दिवस जातात ते त्या बाईला विचारा आणि आलेल्या दिवसांना त्याने भागा. हिशेब ८ वर आला तर ८. धर्मादाय कामाचं नाव पुढे करून १२ मागू नका. मुदत, संख्या, कापड-दोरा कोणाचा, हे वहीत लिहून दोघांच्या सह्या. मशीन पहिल्याच दिवशी तिच्या घरी द्यायची.

ऑक्टोबरच्या पालाच्या बदल्यात पितळी गुंड किंवा गंगाळ मिळालं, तर ते मोडीच्या भावाने भंगारवाल्याला देऊ नका. आधी वजन करा, मोडीचा भाव विचारून ठेवा आणि हर्रासात बोली त्याच्या वरून सुरू करा.

काय घ्यायचं नाही

फवारणीचा पंप, गळका असो की चांगला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. दवाखान्यासाठी पैसा जमवताना खराब वायसरचा (वॉशरचा) पंप कोणाच्या पाठीवर चढवायचा, हे बरं दिसत नाही. उरलेली औषधं नकोत. बिल नसलेला मोबाइल नको, चोरीचा निघाला की वही पोलिसांत जाते. कागद नावावर नसलेली गाडी नको. शेळी-बोकड शक्यतो टाळा. चारा रोज लागतो, आणि सौदा व्हायच्या आधी जनावर मेलं तर साखळी तिथेच तुटते. सोनं अजिबात नको.

सोडतीची तिकिटं विकायचा सल्ला कोणीतरी देणारच. तिकीट विकून नंबर काढणं म्हणजे खासगी लॉटरी, आणि तो गुन्हा आहे.

वही

एक जाड वही, पानांना आधीच क्रमांक घातलेले. प्रत्येक सौद्याला तारीख, कोणी काय दिलं, काय घेतलं, दोन्ही वस्तूंची अंदाजे किंमत, दुरुस्तीचा खर्च, दोन्ही पक्षांच्या सह्या आणि एक साक्षीदार. दुरुस्तीचा खर्च गटाने खिशातून केला तर तो परत घ्यायचा की नाही ते पहिल्या पानावरच लिहा. नंतर याच एका गोष्टीवरून भांडणं होतात. वही एकाकडे, वस्तू दुसऱ्याकडे.

हर्रास

कापूसपट्ट्यात डिसेंबर-जानेवारी, वेचणीचा पैसा हातात असतो. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या भागात, धान निघाल्यावर मंडईचा (दिवाळीनंतरच्या गावजत्रेचा) दिवस धरा, भाऊबीजेपासून पाहुणे गावोगाव उतरलेले असतात. आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवायचा तर दुपारी दोनच्या आत, कारण चारनंतर सगळ्यांची नजर बसवर असते.

सगळ्यात चांगली वस्तू शेवटी ठेवण्याची चूक नेहमी होते. ती मधोमध काढा. सुरुवात दुसऱ्या नंबरच्या वस्तूने. प्रत्येक वस्तूआधी ती कुठून कशी फिरत आली ते दोन वाक्यांत माइकवर सांगा: वालाच्या बिया, पाल, नंदी, मशीन, वाकळ. लोक वाकळीसाठी नव्हे, त्या फेऱ्यासाठी शंभर रुपये जास्त बोलतात. हजारापर्यंत बोली ५० ने वाढवा, पुढे १०० ने. ‘तीन वार’ झाल्यावर कोणाचीही बोली ऐकायची नाही, सरपंचाचीसुद्धा.

दुसऱ्या नंबरची बोली आणि माणसाचं नाव लिहून ठेवा. मोठी बोली लावून टाळ्या घेणारा आणि नंतर फोन न उचलणारा एक तरी असतोच. “कापूस गेला की देतो” म्हणणाऱ्याकडून निम्मी रक्कम तिथेच घ्या आणि पूर्ण होईपर्यंत वस्तू ठेवून घ्या.

पैसे शक्यतो संस्थेच्या क्यूआर कोडवर किंवा चेकने, गटातल्या कोणाच्या खात्यावर नाही. रोख आली तर दुसऱ्या दिवशी बँकेत. करसवलतीबद्दल लोक विचारतील. संस्थेकडे ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत देणारी मान्यता) असेल तरी २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला सवलत मिळत नाही, आणि वस्तू दान केली तर मुळीच नाही. हर्रासात वस्तू घेऊन दिलेली रक्कम ही त्या वस्तूची किंमत आहे. तिला देणगीची पावती फाडायला आपणहून तयार होऊ नका, संस्थेच्या हिशेबनीसाला विचारा. वस्तू न घेता नुसते पैसे देणाऱ्यांची वेगळी पाटी ठेवा, त्यांना संस्थेची पावती मिळते.

न विकलेली वस्तू मूळ घरी परत न्यायची नाही, तिच्या बदल्यात त्यांनी काहीतरी घेतलेलं आहे. ती पुढच्या जूनसाठी ठेवा. आठ दिवसांत बँकेची पावती वहीला चिकटवा, झेरॉक्स ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, आणि मूळ वही संस्थेच्या कार्यालयात दाखवून शेवटच्या पानावर त्यांचा शिक्का घ्या.