लष्करी वसाहतीत समुपदेशक म्हणून रुजू होताना

लष्करी ठाण्यातील शाळा, कुटुंबकल्याण केंद्र किंवा रुग्णसेवेच्या ठिकाणी नागरी उमेदवार रुजू झाला की त्याला ओळखपत्र, सुरक्षेचे नियम आणि हुद्द्यांचा तक्ता मिळतो. हुद्दे आठवडाभरात पाठ होतात. पण त्या हुद्द्यांच्या जगात आपण लिहिलेली एक चिठ्ठी कुठवर पोहोचते आणि तिच्यामुळे कोणाचे काय होऊ शकते, हे उमगायला बराच काळ जातो. या क्षेत्रातल्या प्रशिक्षणाचा गाभा तोच असायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

संधी कुठे असतात ते आधी थोडक्यात सांगते. आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटी 1983 पासून आर्मी पब्लिक स्कूल चालवते आणि तिथे समुपदेशक व विशेष शिक्षक लागतात. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी आर्मी वाइव्ज वेल्फेअर असोसिएशनच्या ‘आशा’ शाळा आहेत. माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेची पॉलिक्लिनिके 2003 नंतर उभी राहिली. तिथे नागरी डॉक्टर आणि इतर कर्मचारी कंत्राटी तत्त्वावर काम करतात.

जवान समुपदेशकाकडे सहसा का येत नाही, हे समजून घ्यायचे तर लष्करातील वैद्यकीय वर्गवारी माहीत हवी. ‘शेप’ (SHAPE) नावाच्या या पद्धतीत एकेका अक्षरानुसार मानसिक क्षमता, श्रवण, हातपाय, एकूण शारीरिक क्षमता आणि दृष्टी अशा पाच बाजूंनी माणसाचे मूल्यमापन होते. सर्व बाबतींत तंदुरुस्त असलेला ‘शेप-1’. दर्जा घसरला की ‘कॅटेगरी लागली’ असे म्हणतात. या पाचांत पहिले अक्षर मानसिक क्षमतेचे आहे. त्या अक्षरापुढचा आकडा बदलला तर बढती, नेमणूक आणि हत्यार हाताळण्याची मुभा या तिन्हींवर परिणाम होऊ शकतो. ज्याच्या साऱ्या ओळखीचा कणाच हत्यारबंद सेवा आहे, त्याच्या दृष्टीने ‘मला झोप लागत नाही’ हे वाक्य किती जड असेल, याचा विचार करूनच पहिला प्रश्न विचारावा. लष्करी रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाचे काम आणि आपले काम वेगळे आहे, आपण वर्गवारी ठरवत नाही, हे पहिल्याच भेटीत साध्या शब्दांत सांगावे. त्याच दमात गोपनीयतेच्या मर्यादाही सांगाव्यात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 गोपनीयतेचा हक्क देतो, पण जिवाला धोका असेल तेव्हा तो हक्क मर्यादित होतो, आणि बालकाच्या लैंगिक शोषणाची माहिती मिळाली तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ती कळवावीच लागते. ज्याची हमी देता येत नाही, असे वचन चुकूनही देऊ नये.

कुटुंबीयांच्या मनातली भीती याहून थोडी निराळी असते. सांगलीकडच्या एका हवालदाराच्या पत्नीने खोलीत आल्यावर आधी दार लोटून घेतले, टेबलावरची नोंदवही कोणाकडे जाते ते विचारले, आणि मगच मुलाने पुन्हा अंथरूण ओले करायला सुरुवात केल्याचे सांगितले. ‘मॅडम, यांच्या पलटणीत कळणार नाही ना?’ हा तिचा प्रश्न मला पुढे कितीतरी जणींकडून ऐकायला मिळाला. पायदळातला जवान साधारणपणे एकाच रेजिमेंटमध्ये नोकरी काढतो, आणि मराठा लाइट इन्फंट्रीसारख्या रेजिमेंटमध्ये एकाच तालुक्यातली, कधी एकाच भावकीतली माणसे एकत्र असतात. त्यामुळे क्वार्टरमधली गोष्ट पलटणीत आणि पलटणीतली गोष्ट गावात पोहोचायला वेळ लागत नाही. आपण मराठी बोलतो याचा तिला आधार वाटतो हे खरे. पण ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ असे विचारून ओळखी काढायला लागलो की तोच आधार डळमळतो.

पती फील्डवर, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा तैनातीवर असेल तर तो नेमका कुठे आहे, हे कधीही विचारू नये आणि नोंदीत तर मुळीच लिहू नये. ‘फोन लागतो का, शेवटचे बोलणे कधी झाले, रजा कधी मिळेल असे वाटते?’ एवढ्यावर काम भागते. ‘त्यांना महिनाभर घरी राहायला सांगा’ हा सल्लाही निरर्थक आहे. रजेचा निर्णय घरात होत नाही. त्यापेक्षा कोणते दार ठोठवावे हे माहीत असणे उपयोगाचे. अडचण असली तर जवान सीनियर जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे जवान आणि अधिकारी यांच्यामधला दर्जा) आणि कंपनी कमांडरमार्फत कमांडिंग ऑफिसरची, म्हणजे पलटणीच्या प्रमुखाची ‘इंटरव्ह्यू’ (भेट) मागू शकतो. सुभेदार मेजर हा पलटणीतला सर्वांत ज्येष्ठ जेसीओ. अधिकारीसुद्धा जेसीओला ‘साहेब’ म्हणतात, मग आपण तर म्हणावेच. अमेरिकेत लष्करी संस्कृतीची ओळख करून देणारे चांगले अभ्यासक्रम आहेत आणि ते जरूर अभ्यासावेत, पण त्यांत जेसीओ हा दुवा सापडणार नाही, कारण तिकडच्या सैन्यात तो दर्जाच नाही.

पतीचा हुद्दा पत्नींच्या बैठकीतही हजर असतो. पालकसभेत कमांडिंग ऑफिसरच्या पत्नीशेजारी शिपायाची पत्नी बसलेली असेल, तर ती मुलाच्या तक्रारीवर मोकळेपणाने बोलेल अशी अपेक्षा ठेवणे चूक आहे. अशा वेळी गटचर्चा सामान्य विषयांपुरती ठेवून प्रत्येकीला स्वतंत्र वेळ द्यावी, आणि ती वेळ इतरांसमोर जाहीर करू नये.

अलीकडे अग्निवीरांच्या घरचेही येऊ लागले आहेत. 2022 मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या अग्निपथ योजनेत सेवा चार वर्षांची असून त्यांपैकी जास्तीत जास्त 25 टक्के जणांना पुढे नियमित सेवेत घेतले जाते. नेहमीच्या जवानासाठी तयार केलेली पुस्तिका इथे पुरत नाही. या मुलांचा प्रश्न बदलीचा किंवा बढतीचा नसून चौथ्या वर्षानंतरच्या आयुष्याचा असतो, आणि भविष्याची ही चर्चा पहिल्याच वर्षी सुरू केलेली बरी.

मुलांच्या बाबतीत एक काम नेहमी राहून जाते. दोन-तीन वर्षांत वडिलांची बदली होते आणि मुलाबरोबर फक्त शाळा सोडल्याचा दाखला जातो. नवीन शाळेत सगळी तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून बदलीचा हुकूम आल्याचे कळताच पालकांच्या संमतीने एक पानाचा अहवाल तयार करावा. मुलाला काय जमते, कशाने तो शांत होतो, कोणती मदत चालू होती, एवढेच त्यात असावे. पलटण, ठिकाण आणि घरातील कलह यांचा उल्लेख नसावा. तो लिफाफा आईच्या हाती द्यावा आणि पुढच्या शाळेला दाखवायचा की नाही, हे तिलाच ठरवू द्यावे.